नारकंड्याची रिट्रीट : जालन्याहून बर्फात जाऊन आलेल्या एका पाळकाचा अनुभव

मी जालना जिल्ह्यातल्या ३ गावांच्या ख्रिस्ती मंडळ्या सांभाळतो. तिन्ही मिळून ११० कुटुंबं. बहुतेक शेतकरी, बाकीचे शेतमजूर, थोडे शिक्षक. २०२५ च्या फेब्रुवारीत हिमाचलातल्या नारकंड्याला पाळकांच्या रिट्रीटला, म्हणजे रोजची कामं सोडून प्रार्थनेच्या आणि मौनाच्या मुक्कामाला, जाऊन आलो. १९ वर्षांच्या सेवेत अशी पहिलीच वेळ. जाण्याआधी पुष्कळांना विचारलं, पण आमच्या भागातून तिकडे गेलेलं कुणी सापडलं नाही. अर्ज कुणाकडे करायचा, पैसे किती लागतील, बर्फात पायात काय घालायचं, दोन दिवस बोलायचंच नाही म्हणजे नक्की करायचं काय, सगळं चाचपडतच कळलं. पुढे जाणाऱ्यांना थोडा आधार व्हावा म्हणून लिहून ठेवतो.

निमंत्रण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. सेमिनरीतला, म्हणजे पाळकांच्या प्रशिक्षणाच्या कॉलेजातला, एक जुना मित्र पंजाबात सेवा करतो, त्यानं माझं नाव सुचवलं होतं. नारकंडा गावाच्या वर, देवदारांच्या रानात एक जुनी सराय आहे. ४ ते ८ फेब्रुवारी, १८ पाळक, राहणं-जेवण धरून ३,५०० रुपये. सोबत ३ कागद हवेत: मंडळीचं संमतीपत्र, वरच्या कार्यालयाची परवानगी आणि डॉक्टरचा दाखला.

मी आधी नाहीच म्हटलं. सोयाबीन घरात येत होतं. हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर झालेला, पण बाजारात त्याच्या बऱ्याच खाली बोली लागत होती, आणि रोज कुणी ना कुणी दारात येऊन बसायचं. अशा वेळी आपण डोंगरात जाऊन बसायचं, हे मनाला पटेना.

पण खरं कारण वेगळं होतं. सप्टेंबरात मी आमच्या मंडळीतल्या एका शेतकऱ्याचं दफन केलं होतं. वय ४६. मोसंबीची बाग. २०१२-१३ च्या दुष्काळात अर्धी वाळून गेली, उरलेली त्यांनी विकतच्या टँकरनं जगवली, आणि ते कर्ज पुढे कधी फिटलंच नाही. त्यांनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. अशा माणसाला कब्रस्तानात जागा द्यावी का, अशी दोघा-तिघांनी कुजबुज केली. मी म्हटलं, खड्डा मी खणतो. मग कुणी काही बोललं नाही. दफन झालं आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या गावात लग्न होतं. तिथे उभं राहून वधूवरांना आशीर्वाद दिला. त्या आठवड्यापासून माझी झोप गेली. पहाटे ३ ला डोळे उघडायचे ते उघडेच. हे मी कुणाला सांगितलं नाही. पाळकानं हे कुणाला सांगायचं?

पत्नीनं निमंत्रणाचं पत्र वाचलं आणि एवढंच म्हणाली, "तुम्ही प्रार्थना करता तेव्हा हल्ली पाठ म्हटल्यासारखी वाटते. जाऊन या." त्या रात्री अर्ज लिहिला.

२८ ऑक्टोबरला अर्ज पास्टरेट कमिटीच्या, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या, सचिवांकडे दिला. १० नोव्हेंबरला उपासनेनंतर बैठक झाली. ९ फेब्रुवारीची उपासना कोण घेणार, मधेच कुणी वारलं तर काय, एवढ्या लांब जायची गरज काय, असे प्रश्न आले. प्रश्न रास्त होते. एक निवृत्त हेडमास्तर आमच्याकडे अधूनमधून संदेश देतात, ते त्या रविवारी उभे राहायला तयार झाले. दफनाची वेळ आलीच तर शेजारच्या तालुक्यातले पाळक येणार असं ठरलं. कमिटीनं संमती दिली आणि वर २,००० रुपये मंजूर केले. बैठक संपल्यावर एका आजीनं पदराच्या गाठीतून ५०० ची नोट काढून माझ्या हातात कोंबली. "तितं लई थंडी आसती मनं साहेब, काईतरी गरम घ्या."

परवानगीचं काम मात्र रखडलं. १२ नोव्हेंबरला कागद वर गेले. दोनदा फोन केला, "टेबलावर आहे" असं उत्तर मिळालं. डिसेंबरात एसटीनं स्वतः गेलो तेव्हा कळलं की बदली उपासना घेणाऱ्याचं सहीचं संमतीपत्र जोडलेलं नाही म्हणून फाइल बाजूला पडली आहे. कुणी कळवलं नव्हतं. म्हणून सांगतो, अर्जासोबतच तो कागद जोडा. कोणत्या तारखेला कोण काय सांभाळणार हे तारीखवार लिहा, दोघांच्या सह्या घ्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. माझं पत्र सही होऊन आलं १७ जानेवारीला.

तिकिटाला तेवढं थांबता येत नव्हतं. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं. म्हणजे २ फेब्रुवारीचं तिकीट ४ डिसेंबरला सकाळी ८ वाजता. परवानगी हातात नसताना मी सचखंड एक्सप्रेसचं जालना ते अंबाला स्लीपरचं तिकीट काढून टाकलं. परवानगी आली नसती तर रद्द करताना थोडे पैसे गेले असते, पण उशीर केला असता तर वेटिंगवरच राहिलो असतो. येण्याचंही लगोलग काढलं. दोन्हीकडचं मिळून १,५०० च्या आसपास गेलं.

नाताळात तर दुसरं काही सुचतच नाही. कॅरलच्या रात्री, ३ गावांच्या उपासना, ३१ डिसेंबरची मध्यरात्र. डॉक्टरकडे गेलो ते थेट २० जानेवारीला. रक्तदाब १५२/९६. डॉक्टरांनी दाखला द्यायला नकार दिला, गोळी सुरू केली, मीठ कमी करायला सांगितलं आणि १० दिवसांनी बोलावलं. ते १० दिवस जड गेले. ३० तारखेला १३४/८६ भरला आणि सही मिळाली. आमच्यातल्या कित्येकांनी वर्षानुवर्षं रक्तदाब मोजलेला नसतो. रिट्रीटला जा किंवा जाऊ नका, तेवढं मात्र करून घ्या.

कपड्यांसाठी हिवाळ्यात येणाऱ्या तिबेटी स्वेटरवाल्यांकडे गेलो. थर्मलचा एक जोड, जाड स्वेटर, कानटोपी, लोकरीचे मोजे ३ जोड, हातमोजे, सगळं १,९०० मध्ये झालं. बर्फाचे बूट परवडेनात. मग कृषी सेवा केंद्रातून ३८० रुपयांचे गमबूट घेतले, आपल्याकडे रात्री पिकाला पाणी द्यायला जाताना घालतात तेच. तिकडे पोचल्यावर पाहिलं तर गावातले निम्मे लोक गमबुटातच फिरत होते. आतून दोन मोजे घातले की पाय कोरडे राहतात. फक्त गोठलेल्या रस्त्यावर ते घसरतात. त्यावर तिथल्या चौकीदारानं उपाय सांगितला: बुटावरून जुना लोकरीचा मोजा चढवायचा. पकड येते.

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्या शेतकऱ्याच्या पत्नी घरी आल्या. मृग बहाराची मोसंबी उतरायला लागली होती. जगलेल्या झाडांची ५ किलो पिशवीत घालून आणली होती. "गाडीत खा," म्हणाल्या आणि उभ्याउभ्याच परत गेल्या.

२ फेब्रुवारी महिन्याचा पहिला रविवार, म्हणून प्रभुभोजनाचा विधी होता. उपासना सकाळी साडेसातलाच ठेवली. दुपारी गाडीत बसलो. सचखंड नांदेडहून अमृतसरला जाते, दोन्ही गुरुद्वारांना जोडणारी गाडी आहे ही, आणि वाटेत काही स्टेशनांवर सेवेकरी लंगर घेऊन उभे असतात. औरंगाबादला खिडकीतून डाळ, भात, पोळी मिळाली. सोबत ताटली आणि वाटी ठेवा. वाढणाऱ्या तरुणानं माझ्याकडे पाहून विचारलं नाही, मी कोण, कुठला. वाढलं आणि पुढच्या खिडकीकडे धावला. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला वाढत होतं, आणि त्या बदल्यात मला काही बोलायचं नव्हतं.

स्लीपरनं जाणार असाल तर ब्लँकेट हाताशी ठेवा, भोपाळनंतर रात्री खिडकीच्या फटीतून वारा कापत येतो. सोमवारी संध्याकाळी अंबाला. तिथून बसनं कालका, रात्री स्टेशनजवळ ४०० रुपयांची खोली. मंगळवारी पहाटे शिमल्याची छोटी गाडी. १९०३ साली सुरू झालेल्या या मार्गाच्या दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट आहे. ९६ किलोमीटरचा प्रवास, १०२ बोगदे, साडेपाच तास. बसनं लवकर जाता येतं. पण २८ तास बसून आलेल्या माणसाला ही हळू गाडी बरी वाटते, आणि ६५६ मीटरवरून २,०७६ मीटरवर शरीर हळूहळू चढतं. बडोगच्या ३३ नंबरच्या बोगद्यात, १,१४३ मीटरच्या अंधारात, डब्यातली लेकरं ओरडत होती.

शिमल्याहून रामपूरकडे जाणाऱ्या बसनं ठियोग, मतियाना करत नारकंडा, साधारण ६५ किलोमीटर. उंची २,७०० मीटर. पहिल्या दिवशी माझं डोकं ठणकलं. भरपूर पाणी पिऊन आणि भरभर न चालता ते उतरलं. बस स्टँडपासून वर ३ किलोमीटर जीपनं नेलं. झाडांच्या सावलीत जुना बर्फ होता, वरून मळकट, खडबडीत. मी वाकून हात लावला. ४७ व्या वर्षी पहिल्यांदा. हाताला मिठाच्या खड्यासारखा लागला.

ती सराय म्हणजे दगड आणि लाकडाची दुमजली इमारत, वर पत्र्याचं छप्पर. शेगडी फक्त जेवणाच्या खोलीत. लोखंडी पिंपासारखी, तिला बुखारी म्हणतात. झोपण्याच्या खोलीत दोन-दोन रजया आणि प्रत्येकाला रबरी गरम पाण्याची पिशवी. रजईत शिरण्याआधी अर्धा तास ती पिशवी पायथ्याशी ठेवायची. मोबाइलही रजईतच ठेवा, थंडीत बॅटरी भराभर उतरते. पण आमचे मोबाइल त्याच रात्री एका पेटीत गेले. चौकीदाराचा नंबर घरी आधीच देऊन ठेवला होता, म्हणून मन शांत राहिलं. तुम्हीही तेवढं नक्की करा.

रात्री बर्फ पडला. पावसाचा पत्र्यावर आवाज होतो तसा काही नाही, म्हणून कळलंच नाही. बुधवारी सकाळी खिडकी उघडली तर अंगणातली बाकं, लाकडांची रास, पायवाट, सगळं एकसारखं. बायबलातल्या १४७ व्या स्तोत्रात बर्फाला लोकर म्हटलं आहे. ते मी कित्येकदा मोठ्यानं वाचलं असेन. त्या दिवशी कठड्यावर वीतभर चढलेला थर पाहिला तेव्हा ती उपमा डोळ्यांना दिसली.

त्याच सकाळी नळ गोठले. १८ जणांत ६ बादल्या आल्या. काही जण कावरेबावरे झाले. मला काही वाटलं नाही. आमच्याकडे शहरात सुद्धा आठवडा-आठवडा नळ येत नाही, आणि तांब्याभर पाण्यात तोंड, हात, पाय कसे उरकायचे हे लहानपणी आईनं शिकवलेलं असतं. जेवणाच्या खोलीत बर्फ वितळवणं चाललं होतं, मी मदतीला गेलो. मोठं पातेलं शिगोशीग भरून बुखारीवर ठेवलं. बर्फ खाली बसत गेला, कडेनं काळा होत गेला, आणि शेवटी तळाशी चार बोटं पाणी उरलं, त्यात देवदाराच्या सुया. ते गाळून पुन्हा उकळायचं. चौकीदाराच्या पत्नीनं विचारलं, तुमच्याकडे बर्फ पडत नाही तर पाणी कुठून येतं? मी टँकरचं सांगितलं, २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आणल्याचं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पातेल्यात आणखी दोन फावडी बर्फ घातला.

बुधवारच्या न्याहारीपासून शुक्रवारच्या न्याहारीपर्यंत मौन. रिट्रीट चालवणाऱ्या होत्या सत्तरीच्या, डोंगरातल्याच एक निवृत्त पाळकबाई. मौनात शिरण्याआधी त्यांनी बायबलातली एलीयाची गोष्ट घेतली, १ राजे १९. एवढा मोठा संदेष्टा झुडपाखाली आडवा पडतो आणि म्हणतो, देवा, आता पुरे, माझा जीव घे. त्यावर देवदूत त्याला बोल लावत नाही, उपदेश करत नाही. त्याला झोपू देतो. उठवून भाकर आणि पाणी देतो. तो पुन्हा झोपतो, पुन्हा खातो. डोंगर आणि देवाचा तो मंद वाणीचा आवाज नंतर. बाई म्हणाल्या, आज कुणी बायबल उघडायचं नाही, जाऊन झोपा. मी त्या दिवशी दुपारी ४ तास झोपलो. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा.

ज्यांना हे नवं आहे त्यांच्यासाठी सांगतो, मौन सुरुवातीला फार टोचतं. आपली जीभ दिवसभर चालू असते: संदेश, प्रार्थना, भांडणं मिटवणं, फोन. ती थांबली की डोक्यात सगळं एकदम बोलायला लागतं. जागेपणीचे पहिले ६-७ तास मी परत गेल्यावर करायच्या कामांच्या यादीत काढले. नंतर ते आपोआप ओसरलं. त्याच्याशी झगडू नका.

गुरुवारी सकाळी प्रत्येकाच्या दारात एक कोरा कागद ठेवलेला होता. गेल्या वर्षभरात आपण ज्यांना मातीत ठेवलं त्यांची नावं लिहायची, एकेका नावापाशी थांबायचं, घाई करायची नाही, एवढीच सूचना. माझ्या नोंदवहीत १४ होती आणि ती मला क्रमानं पाठ होती. १० लिहिली. ११ वं लिहिता येईना. पेन कागदावर टेकवून किती वेळ बसलो कुणास ठाऊक.

भूक लागली म्हणून पिशवीतली मोसंबी काढली. थंडीनं ती गोट्यासारखी घट्ट झाली होती, नख रुतेना. बुखारीजवळ जाऊन तळहातात धरून फिरवत राहिलो. साल उकललं आणि वास आला. त्या बंद, धुरकट, लाकडाच्या खोलीत आमच्या रानाचा वास. हे झाड त्यांनी टँकरनं जगवलं होतं. मला रडू आलं ते आवरलं नाही. समोर झारखंडातल्या छोटा नागपूरचे एक पाळक बसले होते, त्यांनी मान वर केली नाही. उठून एक लाकूड आत टाकलं आणि पुन्हा जागेवर बसले. मौन होतं म्हणून त्यांना माझं सांत्वन करता आलं नाही, आणि तेच मला हवं होतं. मग ११ वं नाव लिहिलं. उरलेली तीनही.

शुक्रवारी मौन सुटल्यावर गोल बसून बोललो. तिथे जे ऐकलं ते तिथेच राहील. मीही माझं सांगितलं, झोपेचंही. बाईंनी सांगितलं की गावी गेल्यावर डॉक्टरला झोपेबद्दल वेगळं विचारा, नुसत्या प्रार्थनेवर सोडू नका. मी विचारणार आहे.

दुपारी रस्ता मोकळा झाला आणि काही जण कोटगडला गेलो, १६-१७ किलोमीटर. तिथलं सेंट मेरीज चर्च १८७२ चं. जालन्याच्या माणसाला बेथेल, रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलेलं ख्रिस्ती गाव, ठाऊक असतं, त्यामुळे डोंगरातल्या एकाकी जुन्या मंडळीचं चित्र मला परकं वाटलं नाही. कोटगड सफरचंदांचं गाव. १९१६ साली सॅम्युएल स्टोक्स या मूळच्या अमेरिकन माणसानं इथे अमेरिकेतून आणलेली कलमं लावली. एक बागायतदार भेटले. म्हणाले, झाडाला हिवाळ्यात ठरावीक तास थंडी मिळावी लागते, नाहीतर फूल नीट येत नाही. इकडे बर्फाला पांढरं खत म्हणतात, आणि हल्ली तो वेळेवर पडत नाही. ते आभाळाकडे पाहत होते. तशी नजर मी जूनमध्ये आमच्याकडे बघतो. मी त्यांना उरलेल्यातली ४ मोसंबी दिली, त्यांनी शीतगृहातली सफरचंदं पिशवी भरून दिली.

८ तारखेला निघताना उतारावर गोठलेलं होतं. बस नारकंड्यापर्यंत आली नाही, ३ तास थांबून ठियोगपर्यंत वाटून घेतलेल्या जीपनं आलो, २०० रुपये. फार बर्फ पडला तर वाहनं बसंतपूर-किंगलमार्गे वळवतात आणि वेळ दुप्पट लागतो, म्हणून परतीचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नका. माझं रविवारचं होतं, त्यामुळे निभावलं. सगळा खर्च जवळपास १०,००० झाला. कमिटीला हिशेब देताना पावत्या लागल्या. जीपची पावती नसते, ती वहीत लिहून ठेवली होती.

सोमवारी दुपारी जालना. उतरलो तेव्हा ऊन लागलं, स्वेटर काढून हातात घेतला. हेडमास्तरांनी उपासना छान घेतली होती. कुणी वारलं नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी मोसंबीवाल्या घरी गेलो. पूर्वी जायचो तेव्हा दारातूनच कोणता उतारा वाचायचा ते ठरलेलं असे. या वेळी तसाच बसलो. चहा झाला. सफरचंदं दिली. धाकट्यानं एक लगेच दाताखाली घेतलं. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "लई थंडी होती का तितं?"

"होती. तुमची मोसंबी पुरली मला."

त्यांनी पदर तोंडाशी धरला. मग उठून फडताळातून कागद आणला. तहसीलमधून वारसांचे दाखले मागितले होते, गुरुवारी बोलावलं होतं, आणि कोणते कागद न्यायचे ते त्यांना उमगत नव्हतं. आम्ही दोघं दिव्याखाली यादी करत बसलो. मृत्यूचा दाखला, सातबारा, रेशनकार्ड, तिन्ही लेकरांचे आधार. सातबारा जुना होता, नवा काढावा लागणार होता.

गुरुवारी सकाळी १० च्या एसटीनं जायचं ठरलं. मी सोबत येतो म्हटलं.